डोळ्यांचे कासरे



खोडदच्या माळावर उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदच्या परिसरात एकवटलेल्या आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. आकाशातील एखाद्या ठिकाणाकडे पाहावयाचे ठरले, की या साऱ्या एकाच रोखाने वळतात आणि पृथ्वी फिरत असताही त्या ठिकाणावरून नजर ढळू देत नाहीत. एखादी तबकडी भलतीकडे तोंड करून राहिली, तर तिचे पाहणे इतरांच्या पाहण्यात मिसळत नाही. ते वाया जाते.

आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अशाच दोन तबकड्या आहेत. समोरून येणारा मनुष्य ओळखीचा आहे की परका, पायरी किती खोल आहे, सुईचे नेढे नेमके कोठे आहे, हे कळावयाचे तर दोन्ही डोळ्यांचा रोख एकाच बिंदूवर पडला पाहिजे. हे वळविण्याचे काम प्रत्येक डोळ्याभोवतीचे सहा स्नायू करतात. औताच्या बैलाला दोन कासरे पुरतात. डोळ्याला सहा लागतात. चार कासरे सरळ आहेत : एक वर ओढणारा, एक खाली, एक नाकाकडे आणि एक कानाकडे. उरलेले दोन तिरके. त्यांतील वरचा तिरका स्नायू मोठा गमतीचा आहे. तो मागून पुढे येतो, नाकाच्या बाजूला कूर्चेच्या एका लहानशा कडीतून जातो आणि तेथून उलट वळून डोळ्याला जोडला जातो. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. दोर चाकावरून वळला म्हणजे बैल पुढे चालतात आणि मोट वर येते. ओढ एका दिशेची, परिणाम दुसऱ्या दिशेचा. तेच येथे आहे.

आता प्रश्न असा, की हे कासरे बांधले कोणी आणि केव्हा? मातेच्या उदरात अंधार आहे, पाहावयास काही नाही, आणि तरीही तेथे सहा स्नायू आपापल्या जागी, आपापल्या मज्जातंतूला जोडलेले तयार होतात. हा प्रश्न वैद्यांच्या कुतूहलापुरता नाही. एखाद्या घरी वाकड्या नजरेचे मूल जन्माला आले, की पहिला सवाल आईला विचारला जातो : ग्रहणात काय चिरले होतेस? म्हणून गर्भात डोळ्याचे स्नायू घडतात कसे हे माणसाला कसकसे कळत गेले, त्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे मी योजिले आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मनुष्यदेहातील पेशींची गणना आहे. तेथे पेशी म्हणजे स्नायूचा मांसल गोळा. आज आपण देहाच्या सूक्ष्म घटकाला पेशी म्हणतो, तो अर्थ तेथे नाही. सुश्रुताने अशा ५०० पेशी मोजल्या आणि डोळ्यांच्या वाट्याला दोन दिल्या. ही संख्या बरोबर नाही, हे आपण सरळ मान्य करावे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा हट्ट धरल्याने प्राचीनांचा मान वाढत नाही. त्यांचा खरा मान दुसऱ्या एका ठिकाणी आहे. त्याच शारीरस्थानात एक वाद नोंदलेला आहे. गर्भाचे कोणते अंग प्रथम घडते? शौनक म्हणतो, मस्तक. कृतवीर्य म्हणतो, हृदय. पाराशर्य नाभी सांगतो, मार्कंडेय हातपाय सांगतो, सुभूती गौतम मधले शरीर सांगतो. शेवटी धन्वंतरीचा निर्णय येतो : सारी अंगे एकदमच घडतात, फक्त ती सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. दृष्टांत बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याचा आहे. पिकल्या आंब्यात रेषा, गर, कोय निरनिराळी दिसतात. कोवळ्या कैरीत ती असतात, पण वेगळी काढता येत नाहीत. जुन्नरच्या आमराईत वाढलेल्या माणसाला हा दृष्टांत फोड करून सांगावयास नको.

हा निर्णय सर्वस्वी बरोबर नाही. हृदय आधी धडधडू लागते, बोटे पुष्कळ मागाहून फुटतात. परंतु निरनिराळी मते नावानिशी मांडणे आणि मग त्यांचा निवाडा करणे, ही शास्त्राची रीत आहे. अंगे एकमेकांच्या संगतीने घडतात, ही कल्पना तर आपल्याला या व्याख्यानाच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे.

युरोपातही डोळ्याच्या स्नायूंची मोजणी प्रथम चुकली. १५४३ साली व्हेसालिअसने मानवी शरीररचनेचा आपला प्रख्यात ग्रंथ छापला. त्यात त्याने माणसाच्या डोळ्यामागे एक जादा स्नायू दाखविला. तो स्नायू बैलाला आहे; डोळा आत ओढून घेण्याकरिता जनावर त्याचा उपयोग करते. माणसाला तो नाही. जनावराच्या डोळ्यावरून माणसाचा डोळा काढण्याची ही चूक होती. पुढे १५६१ मध्ये फालोपिओने वरच्या तिरक्या स्नायूची ती मोटेच्या चाकासारखी कडी वर्णन केली.

परंतु तयार डोळा कितीही चिरला, तरी तो तयार कसा झाला हे त्यातून कळत नाही. त्याकरिता घडत असलेला डोळा पाहावयास हवा, आणि तो सर्वांत सोयीने कोंबडीच्या अंड्यात पाहावयास मिळतो. आपल्या भागात घरोघर खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसविल्या जात. आता जुन्नर-आंबेगावात कोंबड्यांच्या मोठाल्या शेडही उभ्या आहेत. २१ दिवसांत अंड्यातून पिलू निघते. ॲरिस्टॉटलने अंडी दिवसादिवसाने फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लुकलुकणारा रक्ताचा ठिपका, म्हणजे हृदय, टिपला. सतराव्या शतकात माल्पिगीने सूक्ष्मदर्शक घेऊन तोच गर्भ पाहिला. १८१७ मध्ये पांडरने दाखविले, की आरंभीचा गर्भ पातळ थरांचा असतो. आणि १८२८ मध्ये फॉन बेअरने याच थरांच्या आधारे प्राण्यांच्या गर्भवाढीचे शास्त्र रचले. बाह्यस्तरापासून कातडी आणि मेंदू, अंतःस्तरापासून आतड्यांचे अस्तर, आणि मध्यस्तरापासून मांस, हाडे व रक्त, अशी वाटणी पुढे रूढ झाली. सोपी आणि सुटसुटीत. सुटसुटीत गोष्टींविषयी मात्र माणसाने सावध असावे, हे पुढे दिसेल.

डोळ्याच्या स्नायूंचा पहिला खरा माग कोंबडीने नव्हे, तर माशाने दिला. फ्रान्सिस मेटलंड बाल्फर हा तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञ इटलीत नेपल्स येथील सागरी प्राणिशाळेत मुशीच्या जातीच्या माशांचे गर्भ अभ्यासीत होता. १८७८ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. या गर्भांच्या डोक्यात, डोळ्याच्या मागे, मध्यस्तराच्या लहान पोकळ पिशव्या असतात, हे त्याने दाखविले. १८८१ मध्ये आर्थर मिल्न्स मार्शलने आणि १८८२ मध्ये डच शास्त्रज्ञ फान वाइहे याने त्यांचा हिशेब लावला. पहिल्या पिशवीपासून चार स्नायू, दुसरीपासून वरचा तिरका, आणि तिसरीपासून कानाकडे ओढणारा. मेंदूपासून डोळ्याच्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतूही तीनच, आणि त्यांची वाटणीही हीच : एकाकडे चार, दुसऱ्याकडे एक, तिसऱ्याकडे एक. सहा कासऱ्यांना तीन मज्जातंतू का, याचा उलगडा माशाच्या गर्भात झाला.

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बाल्फर आणि मार्शल, दोघेही डोंगर चढण्याचे वेडे होते. बाल्फर १८८२ च्या जुलैमध्ये आल्प्समध्ये एका शिखरावर मरण पावला. वय अवघे तीस. मार्शल १८९३ च्या ३१ डिसेंबरला इंग्लंडमधील स्कॉफेलच्या कड्यावरून पडला. जीवधनच्या पायऱ्या चढताना ज्यांनी हात कातळाला घट्ट धरला असेल, त्यांनी या दोघांची आठवण ठेवावी.

पिशव्यांपासून स्नायू होतात हे कळले. पण स्नायू म्हणजे निव्वळ मांस नव्हे. त्याच्या तंतूंवर आवरण असते, त्याला डोळ्याशी बांधणारी कंडरा असते आणि ती ज्याला घट्ट धरते ते पांढरे श्वेतपटल असते. या बांधणीच्या द्रव्याला शास्त्रात संयोजी ऊतक म्हणतात. कासरा नुसता असून भागत नाही. गाठ हवी आणि गाठीला वेसण हवी. मग ही वेसण आणि गाठ कोणत्या थराची? पांडर-बेअरच्या वाटणीप्रमाणे उत्तर सरळ होते : मध्यस्तराची.

येथे इतिहासाने वळण घेतले. १८६८ मध्ये विल्हेल्म हिस याने कोंबडीच्या गर्भात बाह्यस्तर आणि भावी मेंदूची नळी यांच्या सांध्यावर पेशींची एक पट्टी पाहिली. तिला आज आपण चेताशिखा म्हणू. या पट्टीतील पेशी जागा सोडून गर्भभर प्रवास करतात. १८९३ मध्ये ज्युलिया प्लॅट या अमेरिकन बाईने एका पाणसरड्याच्या गर्भावरून सांगितले, की डोक्याच्या काही कूर्चा या बाह्यस्तराकडून आलेल्या पेशींच्या आहेत. थरांच्या वाटणीला हा उघड छेद होता. विद्वानांनी तिचे म्हणणे मानले नाही. तिला विद्यापीठात जागा मिळाली नाही. तिने शास्त्र सोडले, सार्वजनिक कामात पडली आणि १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावची नगराध्यक्ष झाली. तिचे म्हणणे खरे होते, हे सर्वमान्य व्हावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

अडचण काय होती? पेशी चालू लागल्या की त्या इतर पेशींत मिसळतात. पंढरीच्या वाटेवर निरनिराळ्या दिंड्या एकमेकींत मिसळल्या, तर कोणता वारकरी कोणत्या गावचा हे लांबून कसे सांगणार? त्याकरिता एका दिंडीच्या सर्व वारकऱ्यांना निराळ्या रंगाचे फेटे बांधावे लागतील. असा फेटा पेशींना बांधण्याची युक्ती फ्रान्समध्ये सापडली. निकोल ल दुआरँ या विदुषीने १९६९ मध्ये दाखविले, की लावा पक्ष्याच्या पेशीकेंद्रात एक दाट गोळी असते; विशिष्ट रंग दिला की ती ठळक उठून दिसते. कोंबडीच्या पेशीकेंद्रात ती तशी नसते. मग कोंबडीच्या गर्भातील एक बारीकसा तुकडा काढावा आणि त्या जागी लाव्याच्या गर्भातील तोच तुकडा बसवावा. गर्भ वाढतो. पुढे जेथे जेथे ती गोळी दिसेल, तेथे तेथे लाव्याची पेशी पोहोचली असे समजावे.

गर्भाशी असे हातकाम करण्याची विद्या आपल्या पुण्यातही रुजली होती, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. डॉ. लीला मुल्हेरकर एडिंबरो येथे वॉडिंग्टन या मोठ्या गर्भशास्त्रज्ञाजवळ शिकल्या. गर्भाचा एक भाग दुसऱ्याला घडणीची दिशा कशी देतो, यावरचा त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर काचेच्या वाटीत वाढविण्याचे तंत्र आणले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. महाग यंत्रे नव्हती. ताजी अंडी, स्वच्छ हात आणि संयम एवढ्या भांडवलावर हे शास्त्र चालते.

ल दुआरँच्या युक्तीने डोळ्याचा प्रश्न सुटला. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेत ड्रू नोडेन प्रभृतींनी जे दाखविले ते थोडक्यात असे. डोळ्याच्या स्नायूचे मांसल तंतू मध्यस्तराचे. परंतु त्यांच्यावरची आवरणे, त्यांच्या कंडरा आणि श्वेतपटलाचा बहुतेक भाग चेताशिखेतून चालत आलेल्या पेशींचा. म्हणजे दोर एका गावचा आणि गाठ दुसऱ्या गावची. २००५ मध्ये उंदराच्या गर्भात जनुकांच्या खुणा वापरून केलेल्या तपासणीत सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातही बव्हंशी हीच वाटणी आढळली.

मग या दोघांत हुकूम कोणाचा? नोडेनचा १९८३ चा प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. जबडा घडविणारी चेताशिखा त्याने काढली आणि तिच्या मागच्या कमानीच्या जागी बसविली. तेथे दुसऱ्या जबड्याचे भाग उगवले. नवल असे, की तेथल्या स्थानिक मध्यस्तराच्या स्नायूंनीही जबड्याच्या स्नायूंसारखी मांडणी धरली. यावरून असे दिसले, की डोक्यात तरी मांस कोठे आणि कसे लावावयाचे याचा आराखडा संयोजी ऊतकाजवळ असतो. आजवर ज्याला आपण नुसते बांधावयाचे सुतळ-काथ्या समजत होतो, तेच गवंडी निघाले.

आणि गवंड्याला निरोप कोण देतो? त्याची कथा डुकरांच्या एका गोठ्यापासून सुरू होते. १९३३ मध्ये टेक्सासमध्ये फ्रेड हेल याने एका डुकरिणीला अ-जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला अकरा पिले झाली. एकालाही नेत्रगोल नव्हते. पुढे पुरेसा आहार दिल्यावर धड डोळ्यांची पिले झाली, तेव्हा हा दोष आनुवंशिक नव्हे, आहाराचा आहे, हे सिद्ध झाले. अ-जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनोइक आम्ल तयार होते. घडत असलेला डोळा स्वतःच हे आम्ल बनवितो आणि ते भोवतालच्या चेताशिखेच्या पेशींना निरोप पोहोचविते. २०२० मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखविले, की उंदराच्या गर्भात हा निरोप रोखला, तर स्नायूंचा गोळा जमतो, पण त्याची नीट फाळणी होत नाही आणि डोळ्याला त्याची जोडणी बिघडते. म्हणजे डोळा निरोप देतो, संयोजी ऊतक जागा आखते, मध्यस्तर मांस पुरविते आणि मेंदूकडून मज्जातंतू येऊन भिडतात. एकही एकट्याने घडत नाही. माणसाच्या गर्भाचे छेद पुन्हा तपासून १९८१ मध्ये सेव्हेल यांनीही हेच सुचविले, की स्नायू मागून पुढे वेलीसारखा वाढत जात नाही. त्याचे मूळ, पोट आणि टोक एकाच वेळी आकार घेतात. कोवळ्या कैरीतील रेषा, गर आणि कोय!

शेवटची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. काही मुले जन्मतःच डोळे वर उचलू शकत नाहीत. पापण्या ओघळलेल्या असतात. पाहावयाचे तर हनुवटी वर करावी लागते. स्नायू तपासले तर ते घट्ट, दोरखंडासारखे झालेले आढळतात. म्हणून वैद्य या रोगाला स्नायूंचा रोग म्हणत आले. २००३ मध्ये बोस्टनच्या एलिझाबेथ एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक शोधले. ते निघाले मज्जातंतूंच्या आतली वाहतूक सांभाळणारे. तंतू स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून स्नायू आखडतो. वर्षानुवर्षे आरोप स्नायूवर होता. दोष दुसऱ्याचाच होता.

मित्रहो, हे वाक्य मी आईकडे वळवू इच्छितो. स्त्रीच्या पोटातील गर्भाला डोळ्याचे पहिले खोबण सुमारे बाविसाव्या दिवशी पडते. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत डोळ्याचे सहाही स्नायू ओळखू येतात. तेव्हा गर्भ अंगठ्याच्या पेराहून फारसा मोठा नसतो. पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री होते न होते, तोच कासरे बांधून झालेले असतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाल्यावर आलेल्या ग्रहणात तिने विळी हातात घेतली काय नि न घेतली काय, त्या गाठी सुटावयाच्या नाहीत. आणि पहिल्या महिन्यातल्या ग्रहणाचेही तसेच. विळीचे पाते चेताशिखेपर्यंत पोहोचत नाही. जे पोहोचते ते रक्तावाटे पोहोचते : आहारातील न्यून, किंवा पुटकुळ्यांसाठी घेतलेले रेटिनोइक जातीचे औषध. डुकरिणीला अ-जीवनसत्त्व कमी पडले. येथे त्याच घराण्यातील द्रव्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो. म्हणून मेथी, चवळी, पपई, आंबा हे आपल्या मळ्यांत पिकणारे खुशाल खावे. अ-जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आणखी एक सांगतो. तिरळेपणाची बहुतेक उदाहरणे गर्भातल्या घडणीची नसतातच. पुष्कळदा मुलाला जवळचे पाहताना जास्त ताण पडतो आणि नजर आत वळते. तेथे चष्म्याने काम भागते. पहिल्या तीन-चार महिन्यांत तान्ह्याची नजर मधूनच हलली तर घाबरू नये. त्यानंतरही ती वाकडी राहिली, तर मात्र ‘मोठेपणी होईल सरळ’ म्हणून थांबू नये. वाकड्या डोळ्याचे पाहणे मेंदू हळूहळू बाजूला टाकतो, खोडदच्या त्या एकट्या पडलेल्या तबकडीसारखे, आणि सात-आठ वर्षांनंतर ते परत मिळविणे कठीण होते. १८३९ मध्ये बर्लिनला डीफेनबाखने तिरळेपणासाठी पहिल्याने स्नायू कापला. आज शल्यवैद्य गाठ सोडून पुन्हा योग्य जागी बांधतात.

त्यासाठी मुंबई गाठावयास नको. आपल्या नारायणगावात मोहन ठुसे नेत्ररुग्णालय उभे आहे. ते उभारणाऱ्या वैद्याचे आडनाव डोळे असावे, हा योगायोग किती गोड! डॉ. मनोहर डोळे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या नजरेची काळजी वाहिल्याबद्दल.

शौनकापासून पॅरिसपर्यंतचा हा प्रवास आपण तासाभरात केला. त्यात जे चुकले त्यांनीही प्रश्न नीट विचारला, म्हणून पुढच्यांना उत्तर सापडले. आपणही घरी एवढे करावे. वाकड्या नजरेचे मूल दिसले, तर ‘काय केलेस?’ हा प्रश्न आईला विचारू नये. ‘दाखविलेस का?’ एवढे विचारावे, आणि तिला दवाखान्यात जावयाचे असेल तर तिच्याबरोबर जावे.